पांढरं पडलेलं दगडफूल

दगडफूल हे फूल नाही, आणि आमच्याकडे ते दगडावर फारसं मिळतही नाही. ते झाडाच्या खोडावर येतं. वरून राखाडी, खालून काळं, कडा कुरळ्या. वाळलं की फाटक्या चामड्याच्या तुकड्यासारखं दिसतं. कच्चं हुंगलं तर कसलाही वास नाही. तेलात परतलं की मसाल्याला जो मातकट, खोल वास येतो तो त्याचा. शहरातल्या बायका मसाल्यात चिमूटभर टाकतात आणि ते कुठून आलं हे विचारत नाहीत. विचारावं असंही काही नाही. लवंग कुठून येते ते मला तरी कुठं माहीत आहे.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. माझं माहेर शेलूचं. चौथी झाली आणि शाळा संपली, पुढे लग्न होऊन इकडे आले. इथे पावसात भात, भात निघाला की वाल. वाल शेतात उभा असताना बायका डोंगरावर जाऊन दगडफूल काढायच्या. पुरुष हे काम करत नसत. डोंगराच्या मध्यावर एक सपाटी आहे. तिथं आंबे, हिरडे, जांभळी आणि अंजनीची जुनी झाडं दाटीनं उभी होती. त्यांच्या खोडांवर दगडफूल इतकं असायचं की साल दिसायची नाही.

काढायची रीत होती. उजाडायच्या सुमाराला वर पोचायचं, कारण दवानं दगडफूल मऊ पडतं आणि अखंड सुटतं. ऊन चढलं की ते कडक होतं, हात लावला की चुरा. चाकू वापरायचा नाही, बांबूची बोथट पट्टी वापरायची, म्हणजे सालीला जखम होत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढा तुकडा तसाच सोडायचा. त्याच्यापासून परत पसरायला त्याला काही वर्षं लागतात. म्हणून एका वर्षी काढलेलं झाड पुढची काही वर्षं मोकळं सोडत. कुठलं झाड कधी काढायचं हे माझी चुलत जाऊ ठरवायची. ती वयानं सगळ्यांत मोठी. तिला आम्ही सगळ्याजणी थोरली म्हणायचो. तिच्या डोक्यात डोंगरावरचं एकेक झाड होतं, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

तिच्या खालोखाल या कामात हात चालायचा तो माझ्या नणंदेचा. तिचीच ही गोष्ट आहे.

नणंद माझ्याहून लहान. तिचं लग्न कर्जतकडच्या गावात झालं होतं. वर्षभरात तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला. मग बोटांवर, मग दोन्ही हातांवर. सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवलं आणि आमच्या दारात उतरवून गाडी तशीच वळवली. आत येऊन पाणीसुद्धा प्यायले नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बघून सांगितलं, हे कोड आहे, याच्यानं दुखत नाही, मरत नाही, दुसऱ्याला लागत नाही. माझ्या सासूनं मान हलवली, आणि घरी आल्यावर लेकीचं ताट वेगळं ठेवलं.

सासू वाईट बाई नव्हती. तिचा हिशेब सरळ होता. लेक परत आली ती आली, पण बसून खायला नाही. नणंद डोंगरावर जायची, दगडफूल काढायची, सावलीत वाळवायची, खोपोलीच्या बाजारात वाण्याला द्यायची, आणि त्याच्यावर त्या घरात तिची जागा होती. ही जागा कुणी तिला प्रेमानं दिलेली नव्हती. दगडफूल थांबलं असतं तर जागा गेली असती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सासू तर तोंडावर बोलायची.

कारखाना आला तेव्हा आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सत्तर सालाच्या थोडं आधीची गोष्ट. खोपोलीच्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आमच्या खोऱ्यात उभा राहिला तो रसायनांचा. गावातले पुरुष रोजावर लागले. थोरलीचा नवरा, म्हणजे माझा चुलत दीर, तिथं मुकादम झाला. त्यानं माझ्या नवऱ्याला आत घेतलं. घरात रॉकेलचा स्टो आला, पोरांच्या पायांत चपला आल्या.

धुराडं उंच होतं, पण थंडीत धूर वर जात नसे. सकाळी तो डोंगराच्या अंगावर पट्ट्यासारखा पडून राहायचा, बरोबर आमच्या सपाटीच्या उंचीला. काडेपेटीची काडी नाकाजवळ ओढली की जसा वास येतो तसा वास. घसा खवखवायचा. आम्ही पदर तोंडाला धरून वर जायचो आणि त्याच्यावर थट्टा करायचो. एकजण खोकली की दुसरी म्हणायची, "तुझ्या नवऱ्यानं पाठवलाय बघ, आठवन काढतोय."

दोन-तीन वर्षांनी एका थंडीत दगडफूल पांढरं निघायला लागलं. आधी कडांना, मग आख्खा तुकडा. राखाडीचा पिठूर पांढरा झालेला. थोरली खूश. आमच्याकडे पांढरं म्हणजे चांगलं, पांढरा तांदूळ, पांढरं मीठ. काळपट, मातकट मालाला वाणी नेहमी नाक मुरडायचा. आता असा धुतल्यासारखा माल मिळत होता. आम्ही पोती भरली.

माझी नणंद तेवढी पोतं भरेना. तिनं एक पांढरा तुकडा आणि एक राखाडी तुकडा घेतला आणि दोन्ही पाण्याच्या तांब्यात बुडवले.

"ह्ये नका पाठवू," ती म्हणाली. "ह्ये मेलंय."

"मेलंय म्हंजी?" थोरली म्हणाली. "दगडफूल काय जितं असतं व्हय गं? उद्या म्हनशील खोबरं रडतंय."

बायका हसल्या. मीही हसले.

"बघा की. चांगलं असंल ते पान्यात हिरवट व्हतं. पावसात नाय का व्हत? ह्ये नाय झालं."

तिनं दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन दाखवले. राखाडी होता तो भिजून हिरवट झाला होता. पांढरा भिजूनही पांढराच होता, भिजल्या कागदासारखा.

थोरलीनं ते बघितलं आणि मग नणंदेच्या हाताकडे बघितलं. "पांढऱ्यातलं तुला जास्ती कळनार, बाय," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. नणंदेनं हात झटकला, तुकडे टाकून दिले आणि आपलं पोतं अर्धंच बांधलं.

वाण्यानं पोती उघडली आणि म्हणाला, "आज माल साबनानं धुतला का काय, बायांनो?" त्यानं सगळा घेतला आणि मुंबईला मसाल्याच्या गिरणीत पाठवला. पुढच्या बाजाराला गेलो तर पोती दुकानाच्या बाहेर पडली होती. आमचीच. गिरणीनं परत पाठवली होती.

"याला वास नाय," वाणी म्हणाला. "तेलात टाकला का कागूद तळल्यावानी लागतंय. घेऊन जा, आन् पुन्हा असला माल आनू नका."

पोती डोक्यावर घेऊन आम्ही परत निघालो. अर्धा रस्ता झाला. मग थोरली न थांबता, मागे न बघता म्हणाली, "हिला आधीच कसं कळलं?"

एवढंच बोलली. बाकीचं बायकांनी चालता चालता आपापल्या मनात पुरं केलं. घरी पोचेपर्यंत ते ठरून गेलं होतं. हिच्या हाताला पांढरं, हिनं हात लावला तिथं पांढरं. हिला ठाऊक होतं, म्हणून तर बोलली. झाडांना कोड लागलं होतं आणि ते हिनं लावलं होतं.

खरं काय झालं होतं ते मला म्हातारपणी कळलं. माझी नात कॉलेजात शिकते. ती एकदा टीव्हीवर समुद्राच्या तळाचं काहीतरी बघत होती. पाण्यात झाडासारख्या फांद्या होत्या, काही रंगीत आणि मधे पसरलेल्या नुसत्या पांढऱ्या. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, पोवळं. मला पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा माहीत. ती म्हणाली, आजी, पोवळं जिवंत असतं. बारीक बारीक किडे एकाला एक चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्यासारखं घर बांधतात. त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहतं. किड्यानं घर द्यायचं, शेवाळानं उन्हावर अन्न करायचं आणि दोघांनी खायचं. रंगही त्या शेवाळाचाच. समुद्र जरा जास्त तापला, आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, की शेवाळाचं काम बिघडतं. ते अन्नाऐवजी विष करायला लागतं. मग किडा त्याला अंगातून बाहेर टाकतो. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसायला लागतो. पण त्या वेळी पोवळं मेलेलं नसतं. उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर ते भुकेनं मरतं आणि नुसता सांगाडा उरतो. नुसत्या उष्णतेनंच असं होतं असंही नाही, ती म्हणाली. घाण पाणी आलं, गाळ आला, नदीचं गोडं पाणी फार आलं, तरी होतं. जिवाला सोसवत नाही तेव्हा तो आधी जोडीदाराला सोडतो.

मी तिला म्हटलं, हे मी झाडावर बघितलंय.

तिला वाटलं मी उगाच बोलते. मग तिनं कुठंतरी बघितलं आणि म्हणाली, हो गं आजी, दगडफूलही तसंच. बुरशी घर बांधते आणि शेवाळ आत बसून रांधतं. त्याला मुळं नसतात, म्हणून हवेतनं जे येईल ते अंगानं प्यावं लागतं. दव आलं तर दव, विषारी धूर आला तर तोही. धुरानं शेवाळ मरतं आणि घर पांढरं पडतं. फक्त इथं कुणी कुणाला बाहेर काढत नाही. रांधणारं आतच मरतं.

पण तेव्हा हे सांगायला आमच्यात कुणी नव्हतं. आणि कुणी असतं तरी ऐकलं नसतं, ते का ते पुढे सांगते.

थोरलीच्या अंगणात बायका बसल्या. नणंदेला बोलावलं नव्हतं, मला आणि सासूला बोलावलं होतं. ठरवायचं काही नव्हतंच, सांगायचं होतं. नणंदेनं यापुढे सपाटीवर चढायचं नाही. झाडाला हात लावायचा नाही.

"मंग ती खानार काय?" मी म्हटलं.

"ते तुमच्या घरातलं," थोरली म्हणाली. "आमी तुमच्या घरात बोलतो का?"

मी सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "माझी लेक हाय. पर मला या बायांत ऱ्हायचंय." आणि उठून चालू पडली.

मला राग आला तो सासूचा नाही. मला राग आला तो या गोष्टीचा की काहीतरी दिसत होतं आणि कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. त्याला मी म्हटलं, चला माझ्याबरोबर वर. तो कधी त्या सपाटीवर आला नव्हता. त्याला मी एका जुन्या आंब्यापाशी उभं केलं. खोऱ्याकडचं खोड पांढरं होतं, दगडफुलाचे पोपडे सुटून खाली पडलेले. त्याला हाताला धरून झाडाच्या पाठीमागे नेलं. तिथं राखाडी, जसं असायला हवं तसं. मग दुसरं झाड दाखवलं, मग तिसरं. सगळीकडे तेच. धुराडं ज्या अंगाला, पांढरं त्या अंगाला.

"तुमच्या बहिनीच्या हातानं झालं असतं तर चारी अंगांनी झालं असतं," मी म्हटलं. "आन् या हिरड्याला तर तिनं हातच लावला नाय. याची पाळी पुढल्या वर्षी व्हती."

त्यानं हिरड्याच्या खोडावरून हात फिरवला. खाली धुराडं दिसत होतं. मग म्हणाला, "ह्ये कुनाला बोलू नको."

"का?"

"मी अजून कच्चाच हाय. कायम व्हयाचोय. मुकादम कोन, ते ठाव हाय ना? उद्या मला घरी बसवलं म्हंजी काय शिजवशील? ह्ये?" त्यानं खालचा एक पोपडा उचलून माझ्यासमोर धरला.

"आन् तिचं काय?"

"तिचं व्हईल कायतरी."

त्याला बहिणीची माया नव्हती असं नाही. पण गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात होतं. धुराला नाव ठेवायचं म्हणजे प्रत्येकाच्या चुलीला नाव ठेवायचं. नणंदेला नाव ठेवलं तर कुणाचंच काही जात नव्हतं.

मी बोलले. विहिरीवर, सगळ्यांसमोर थोरलीला सांगितलं, झाडाची पाठ बघा. थोरली घागर भरत होती. ती म्हणाली, "धूर काय आजचा हाय? इतकी वर्सं व्हता तवा नाय झालं." हे म्हणणं ऐकायला खरं वाटतं. आठ दिवसांत माझ्या नवऱ्याला कामावरून थांबवलं. कारण कुणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. सासूनं मला धू धू धुतलं. महिन्याभरानं त्याला परत घेतलं. त्यानंतर मी विहिरीवर फक्त पाणी भरलं.

नणंद मात्र थांबली नाही. ती सपाटीवर जायची बंद झाली आणि डोंगराची धार ओलांडून पाठच्या उतारावर जायला लागली, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाला. तिकडे धूर पोचत नव्हता. झाडं कमी होती, वाट वाईट होती, पण दगडफूल राखाडी होतं. खोपोलीच्या बाजारात तिला सगळे ओळखत होते, म्हणून ती माल कर्जतला न्यायला लागली. हातांना फडकी गुंडाळायची, पदर ओठापर्यंत ओढायची. तिथल्या दुकानदाराला सांगितलं, कढत पाणी सांडलं. एक मोसम चाललं. दुकानदार मालावर खूश होता. सासूनंही तिला एक नवं लुगडं घेतलं, म्हणजे किती चाललं ते समजा.

पण भाजलेला हात कधीतरी बरा होतो. दुसऱ्या मोसमात दुकानदारानं विचारलं, बाई, अजून बरं नाही? आणि त्याच वेळी दुकानात आमच्या गावची एक लेक, तिकडे दिलेली, गूळ घेत उभी होती. ती म्हणाली, "भाजलं कशाचं, कोड हाय तिला. झाडांना लावलं तिनं."

"फडकी सोड," दुकानदार म्हणाला.

नणंदेनं सोडली. तिनं हे मला नंतर सांगितलं, चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. दुकानदारानं शिवी दिली नाही. तराजूत माल होता तो त्यानं तराजू उचलून तसाच तिच्या पोत्यात ओतला. मग तराजूचं पारडं बाहेर नेऊन नोकराकडून धुवून घेतलं. पारडं धुऊन होईपर्यंत नणंद तिथंच उभी होती. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "वयनी, दादाला सांग, मला कारखान्यात घालायला."

मी म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं?"

"मंग कुटं जाऊ? विहिरीत?"

रात्री मी ते नवऱ्याच्या कानावर घातलं.

कारखान्यात तिला चुलत दिरानंच घेतलं. ज्याची बायको तिची सावली अंगावर पडू देत नव्हती, त्याला तिच्या हातांची काही अडचण नव्हती. तिकडे रसायनाच्या मोठमोठ्या काचेच्या बाटल्या विसळायचं काम होतं, आणि त्या कामावर बायका टिकत नव्हत्या. त्यानं तिला एकच विचारलं, दिवसभर पाण्यात उभी राहशील का. ती म्हणाली, राहीन. सासूनं त्या पगाराला कधी नाही म्हटलं नाही. घरातली तिची जागा पहिल्यापेक्षा पक्की झाली. ताट वेगळंच राहिलं.

त्या बाटल्यांच्या पाण्यानं सगळ्याच बायकांच्या हातांची सालं निघायची. सगळ्यांचेच हात पांढुरके. पण त्या तिला म्हणायच्या, "आमचं रविवारी जातं गं, तुझं कुटं जायचंय?" आणि दुपारी डबा खायला तिच्यापासून लांब बसायच्या.

ती कारखान्यात गेल्यावर पाठच्या उतारावर थोरली बायका घेऊन गेली. नणंद तिकडून चांगला माल आणायची हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यापुरतं तिचं कोड कुणाला आठवलं नाही. मीही गेले. एक हिवाळा बरा गेला. दरम्यान कारखाना वाढला होता, दुसरं धुराडं उभं राहिलं होतं, पहिल्याहून उंच. पुढच्या हिवाळ्यात त्या उतारावरचं दगडफूल कडांना पांढरं निघालं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आख्खं. मग ते तपकिरी होऊन गळायला लागलं आणि साल उघडी पडली. नणंदेनं त्या झाडांना हात लावून तोवर दोन-तीन वर्षं झाली होती.

मी थोरलीकडे बघितलं. तिच्या हातात बांबूची पट्टी होती, तिचं टोक ती सालीवर नुसतंच घासत होती.

"आता कुनी केलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तवाच लागलं असंल. निगालं आता."

असं आहे. माणसाला चुकलं म्हणायचं नसलं की त्याला उत्तर सापडतंच. आम्ही रिकाम्या पोत्यांच्या घड्या करून खाली आलो. त्यानंतर आमच्या गावातून दगडफुलाला कुणी गेलं नाही. मसाल्यासाठी आम्हीसुद्धा वाण्याकडून पुडी आणायला लागलो.

माझा चुलत दीर मुकादम होता खरा, पण मुकादमालाही छाती असते. तो रोज त्या वाफेत उभा राहायचा. खोकला लागला, मग धाप लागली, मग घरी बसला. त्याच्या जागी बाहेरगावचा मुकादम आला. थोरलीचा मुलगा पिणारा निघाला. घरात सून, पोरं, आजारी म्हातारा. बाटल्यांच्या कामावर एक जागा रिकामी झाली. नवा मुकादम जुन्या बायकांना विचारून माणूस घ्यायचा, आणि तोवर त्या खात्यात सगळ्यांत जुनी माझी नणंद होती.

थोरली एका दुपारी आमच्याकडे आली. नणंदेची त्या दिवशी सुट्टी होती. थोरली ओटीवर बसली. बरंच इकडचं तिकडचं बोलली, वालाला कीड पडली, पाणी आटलं. नणंदेनं चहा करून आणला. थोरलीनं कप घेतला आणि प्यायली. मी बघत होते. शेवटचा घोट तिनं ठेवला नाही.

"माझ्या सुनंला बघ की कुटं," ती म्हणाली. "तुझा शबूद चालतो म्हनत्यात."

नणंद म्हणाली, "उद्या पाठवा. डबा घेऊन यायला सांगा. आन् जुनं लुगडं नेसून ये म्हनावं, भोकं पडत्यात."

थोरली गेल्यावर मी नणंदेवर ओरडले. म्हटलं, हिनं तुला डोंगरावरनं काढलं, बाजारातनं काढलं, आणि तू तिच्या सुनेला शब्द टाकतेस? मला तर तिला दारातून परत पाठवायचं होतं.

नणंद कप विसळत होती. त्या कामावर तिला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि बोलताना तिच्या छातीत घरघर ऐकू यायला लागली होती. त्याच छातीच्या दुखण्यानं ती पुढे वारली, पण ते नंतर. तेव्हा ती म्हणाली, "वयनी, मी एकटी बसते डब्याला. आपल्या गावची कुनी असली तर बोलनं तरी व्हईल."

दुसऱ्या दिवशी सून गेली. संध्याकाळी नणंद घरी आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "बसली का तुझ्याजवळ?"

"नाय," ती म्हणाली. "दाराच्या पलीकडं बसली, त्या बायांत. पर तिथनं बोलत व्हती."